करंजखिंडीतला एकच नगारा

करंजखिंड राखायला तीन सरदारांच्या फौजा एकत्र आल्या होत्या. पहिल्याच दिवशी एकाच्या नगाऱ्याने चढाईचा इशारा दिला आणि दुसऱ्याच्या नगाऱ्याने माघारीचा. कोणाचे ऐकावे हे न कळल्याने कितीतरी सैनिक मधल्यामध्ये कापले गेले. आता खिंड पडली, तर पलीकडची सगळी गावे शत्रूच्या हाती जाणार होती.

राणी चंपावतींनी तिघांना बोलावले. "उद्या हुकूम एकाचाच चालेल. कोणाचा?"

भुजंगराव मिशीवर हात फिरवत म्हणाले, "त्यात विचारायचे काय, राणीसाहेब? सर्वांत मोठी फौज माझी."

"ठीक आहे. पण जो हुकूम देईल, त्याने लढाईनंतर मेलेल्या प्रत्येकाच्या घरी स्वतः जायचे. त्याच्या आईला सांगायचे, की तुमचा मुलगा माझ्या हुकमाने गेला."

भुजंगराव हसले. "निरोप पोचवायला जासूद आहेत की!"

"मग हुकूमही जासूदच देतील," राणी शांतपणे म्हणाल्या. "तुमची गरज काय?"

भुजंगरावांचा हात मिशीवरच थांबला. तेवढ्यात सर्वांत लहान फौजेचे तुळाजीराव उठले. "मी जाईन. पण मग उद्या एकही माणूस उगाच पुढे पाठवणार नाही."

दुसऱ्या दिवशी एकच नगारा वाजला आणि खिंड राहिली. रात्री विजयाच्या पंगतीत तुळाजीरावांचे पान रिकामेच होते. ते भुजंगरावांच्याच गावात, एका म्हातारीसमोर मान खाली घालून बसले होते.