वारा विकणारी धुरपदा

फार वर्षांपूर्वीचं हे. नक्की कधीचं, ते सांगणारं आता कुणी उरलं नाही. डोंगराच्या खिंडीपाशी दांडखिंड नावाचं गाव होतं. कोकणातलं मीठ लादलेले बैलांचे तांडे त्या खिंडीतून वर यायचे आणि गाव त्या तांड्यांवर जगायचं. कुणी बैलांना नाल मारी, कुणी वैरण विकी. धुरपदा मिठाच्या गोणी शिवायची.

एका पावसाळ्यात कडा खचला आणि खिंड बुजून गेली. तांड्यांनी दुसरी वाट धरली. लोहाराची भट्टी थंड पडली, वैरणीच्या गंजी जागेवर कुजल्या. माणसं ओट्यावर बसून नुसती दरडीकडे बघत राहिली.

धुरपदाला मात्र बसवेना. हातातला घास तसाच ठेवून ती उठायची आणि माळाकडे चालू लागायची. तिच्या डोक्यात एक धंदा शिरला की दुसरा दारात उभाच असे, असं म्हणतात. तिनं मडकी केली, ती भट्टीतच तडकली. पत्रावळी लावल्या, तर बाजारात आधीच त्यांचे ढीग. मग रिकाम्या गोणीत तिनं मधमाश्या आणून बसवल्या, त्या सकाळी उडून गेल्या. धुरपदा त्यांच्यामागं अशी धावली, की तिची सावली मागं पडली आणि उन्हं कलल्यावर एकटीच घरी आली, असं म्हणतात.

तिचा दीर तात्याबा गावचा पाटील. दर वेळी तो शांतपणे सांगायचा, की वहिनी, हे चालायचं नाही. आणि दर वेळी त्याचंच खरं व्हायचं. तेच तिला जास्त झोंबायचं.

शेवटी तात्याबानं गाव सोडायचं ठरवलं. गाड्या भरल्या, बैल जुंपले. तेव्हा धुरपदा पहिल्या गाडीच्या वाटेत मांडी घालून बसली. तिला बसलेली गावानं कित्येक दिवसांत पाहिली नव्हती.

ती म्हणाली, "जायचं तर जावा. पण जायाच्या आधी हरेकानं एक धंदा सांगायचा. येडा असला तरी चालंल. आन् जो हसंल, त्यानं त्या धंद्यात पयल्या दिशी राबायचं."

गाड्या थांबल्या. रावजी लोहार आधीच चिडलेला. तो म्हणाला, "मग वारा विका. तेवढाच उरलाय गावात."

सगळे हसले. तात्याबासुद्धा हसला. धुरपदा हसली नाही. वाऱ्यानं काय काय होतं, एवढंच तिनं विचारलं. कुणी म्हणालं धान्य उफणून होतं, कुणी म्हणालं धुणं वाळतं. बोलण्यातून बोलणं निघत गेलं. मग हौसा, धनगराची लेक, दबकत म्हणाली की तिच्या माहेरी घोंगड्यांना चिंचोक्याची खळ लावतात, पण तिकडे सखल भागात ती लवकर वाळत नाही आणि घोंगडी कुबट होतात.

धुरपदा ताडकन उठली. गाड्यांचे बैल सोडले. जे हसले होते तेच दुसऱ्या दिवशी चिंचोके भरडायला बसले, आणि हसले तर सगळेच होते.

हौसाच्या माहेराहून घोंगडी आली. खळ लावून ती माळावर पसरली, आणि नेमका वारा पडला. पान हलेना. खळ आंबू लागली, धनगर कुरकुरू लागले. तात्याबानं या वेळी नुसतं वहिनीकडे पाहिलं.

धुरपदानं एक रिकामी गोणी खांद्यावर टाकली आणि ती दरडीवर चढली. हात सोलले, गुडघे फुटले. माथ्यावर उभी राहून तिनं गोणीचं तोंड कोकणाकडे धरलं. गोणी हळूहळू फुगली. मग तिनं ती गावाकडे वळवली आणि झटकली. असा वारा सुटला, की घोंगडी माळावरून उठली, पाखरांसारखी गावावर घिरट्या घालत राहिली आणि वाळून कडक झाल्यावरच खाली उतरली, असं म्हणतात.

त्यानंतर गावोगावचे धनगर दांडखिंडीला येऊ लागले. गाव राहिलं. धुरपदा राहिली नाही. धंदा नीट चालू लागला तसा तिचा जीव पुन्हा तळमळू लागला. तात्याबा म्हणाला, की वहिनी, आता तरी बसा. ती म्हणाली, "बसले तर सुचायचं नाही, भावजी." एका सकाळी ती दरड ओलांडून पलीकडे गेली, ती गेलीच.

आजही वर्षातून एकदा सगळं गाव माळावर जमतं आणि हरेकजण एक नवा धंदा सांगतो. पाटलाच्या घरच्यानं पहिला सांगायचा, आणि तो चांगलाच येडा असावा लागतो. हसेल त्यानं पहिल्या दिवशी त्या धंद्यात राबायचं, हा नेम अजून आहे. एखादी नवी सून किंवा एखादा बुजरा माणूस चाचरत काही सांगून खाली बसतो आणि माळ चिडीचूप होतो. मग कुणीतरी मुद्दाम मोठ्यानं हसतं, त्याच्या मागोमाग आणखी कुणी हसतं. दांडखिंडीत पहिल्या दिवशी एकटं कुणी राबत नाही.