कमानीची पाठ

“उस्ताद, आणखी किती वेळा?”

रुमाजीनं हुसामुद्दीन उस्तादांना विचारलं. तीरकमानीच्या लाकडी पाठीवर त्यांनी सोडलेला पाण्याचा थेंब गोळा होऊन बसला होता. त्याच्याकडे बोट दाखवून ते आपल्या कामाला लागले.

म्हणजे लाकडावर अजून तेलकटपणा होता. थेंब पसरला नाही, तर चिकटवायचा सरसही धरणार नाही. रुमाजीला हे कुणी सांगायची गरज नव्हती. दहा वर्षं तो याच ओसरीवर कमानी करायला शिकला होता. मग इथं शिकण्यासारखं काही उरलं नाही, असं चार लोकांत बोलून त्यानं गडाखालच्या पेठेत स्वतःचं दुकान थाटलं. जाताना उस्तादांचा निरोपही घेतला नाही.

दुकान चाललं. त्याच्या कमानी देखण्या असत.

बैलाच्या स्नायूंचे तंतू सरसात भिजवून कमानीच्या पाठीवर चिकटवतात. त्यांच्या जोरावर लाकूड वाकतं, पण मोडत नाही. कोयाजी नाईक नावाच्या शिपायानं रुमाजीची कमान ताणली, तेव्हा हे अस्तर सालीसारखं सुटून आलं. लाकूड मोडलं. ढलपी उडाली ती नाईकाच्या डोळ्यात. डोळा वाचला नाही.

नाईक भांडला नाही. उरलेल्या डोळ्यानं रुमाजीकडे बघत एवढंच म्हणाला, की दुसरी करून दे, मला अजून पोट आहे.

त्या दिवसापासून रुमाजीचा हात चालेना. शेवटी दुकानाला कुलूप घालून तो उस्तादांच्या दारात येऊन उभा राहिला. उस्तादांनी धामणीच्या लाकडाची एक तासलेली कमान त्याच्यापुढे ठेवली, आणि पाठ तयार कर म्हणाले.

चार दिवस तेच चाललं होतं. सरसाला धरायला जागा हवी म्हणून दातेरी पात्यानं उभ्या रेघा ओढायच्या, राखेच्या पाण्यानं धुवायचं, सावलीत वाळवायचं. मग रुमाजी कमान मांडीवर घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत तळहात फिरवायचा. कुठं उंचवटा राहिला नाही ना, ते बघायला. आणि खरं तर हाताला ते बरं वाटायचं म्हणून.

मग उस्ताद यायचे. थेंब सोडायचे. थेंब गोळा.

रुमाजीनं राख बदलली. दुसऱ्या विहिरीचं पाणी आणलं. लाकडालाच दोष दिला.

पाचव्या दिवशी बोटं राखेच्या पाण्यानं चिरली होती, मान अवघडली होती. त्यानं कमान धुतली, वाळल्यावर तिच्याकडे बघितलंही नाही. खांबाला टेकून डोळे मिटून बसला. होईल ते होवो.

उस्ताद आले. थेंब सोडला.

थेंब पसरला आणि रेघांमध्ये जिरून गेला.

आनंद व्हायला हवा होता, पण रुमाजीत तेवढंही त्राण नव्हतं. तो नुसता बघत राहिला. मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं, की आज त्यानं कमानीवरून हात फिरवला नव्हता.

त्यानं तळहात उलटा करून बघितला. घामट, तेलकट. दुकानातली प्रत्येक कमान त्यानं सरस लावण्याआधी अशीच कुरवाळली होती. नाईकाचीही.

“तुम्हाला पहिल्या दिवशीच दिसलं होतं…”

“दहा वर्षं दिसत होतं,” उस्ताद म्हणाले. “तू घरी गेलास, की मी पुन्हा धूत होतो.”



“मग… सांगितलं का नाही?”

उस्तादांनी सरसाचं भांडं निखाऱ्यांवर ठेवलं. बराच वेळ ढवळत राहिले. त्यांचाही हात आता थकला होता.

“तुला तसा हात फिरवताना बघायला मला आवडायचं.”