नखाच्या मुळाशी

"मग शिकवणार कोण, खाँसाहेब? तुम्हीच सांगा."

शशिकांत अष्टेकरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. आधी दोनदा विचारून झालं होतं, आणि दोन्ही वेळा दस्तगीरखाँनी पानाचा डबा उघडून पुन्हा मिटला होता.

खाँसाहेबांनी ऐंशी ओलांडली होती. मिरजेत दर्ग्यामागच्या गल्लीत एका खोलीत राहायचे. सारंगीत एके काळी त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. आता संधिवातानं बोटं अशी वाकडी झाली होती, की पानाला चुना लावायलासुद्धा शेजारची सून यायची.

आणि अष्टेकर? याच खोलीत, याच चटईवर बारा वर्षं शिकलेले. आता राजधानीतल्या राष्ट्रीय संगीत संस्थेचे संचालक. सातशे विद्यार्थी, चार मजली इमारत, दारात सलाम ठोकणारा शिपाई. असा माणूस आज सकाळच्या गाडीनं उतरला आणि गुरूपुढे येऊन बसला, तो काही गुरूची तब्येत विचारायला नव्हे.

"किती मुलं म्हणालास?"

"सारंगीला सहा."

"आणि मास्तर?"

"तीन वर्षं झाली, नाहीच. जाहिरात दिली तर अर्ज येत नाहीत. वीस तारखेला समिती बसणार आहे. तोवर शिक्षक मिळाला नाही तर विभाग बंद, सहाही मुलं व्हायोलिनला जाणार. एकदा बंद झालं की पुन्हा कोणी उघडत नाही, खाँसाहेब. माझ्या हातून सारंगी बंद झाली असं व्हायला नको हो!"

हे मात्र ते मनापासून बोलले. डोळ्यांत पाणी होतं.

"तीन वर्षं मुलं शिकतायत कुणाकडे मग?"

इथंच घोडं पेंड खात होतं. अष्टेकरांनी रुमालानं मान पुसली.

"व्हायोलिनचे सर तास घेतात. चांगला माणूस आहे. पण... ते बोटांच्या टोकांनी वाजवायला लावतात."

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगायला हवं. सारंगीची तार बोटाच्या टोकानं दाबत नाहीत. डाव्या हाताच्या नखांच्या मुळाशी जी कातडी असते, ती तारेला बाजूनं टेकवायची. पहिलं वर्षभर कातडी फाटते, रक्त येतं, सदऱ्याचं बटण लावताना जीव जातो. मग तिथं घट्टा पडतो. त्या घट्ट्यावरून सूर घसरत जातो, तेव्हा कुठं सारंगी बोलते. टोकानं वाजवली तर आवाज निघतो, नाही असं नाही. पण तो सारंगीचा नव्हे.

"टोकानं..." खाँसाहेब म्हणाले.

शेजारच्या दुकानात कोणीतरी तंबोऱ्याचा भोपळा घासत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

"तू पाहिलंस?"

"पाहिलं."

"आणि?"

"निकाल चांगला लागतो, खाँसाहेब. पाच जणं पहिल्या वर्गात आली."

"सहावा?"

"सहावी. कादंबरी म्हणून परभणीकडची पोरगी आहे. ती ऐकत नाही. कुठं एक जुनी चित्रफीत पाहिली आणि तेव्हापासून नखानंच वाजवते. बोटं रक्ताळतात. परीक्षेत नापास झाली. मग मी..."

"मग तू?"

"मी बोलावून सांगितलं तिला. सर म्हणतात तसं कर म्हणून."

हे शेवटचं वाक्य संचालकांच्या तोंडून इतकं हळू निघालं, की खाँसाहेबांना कान पुढे करावा लागला.

"तुला तर ठाऊक होतं."

"होतं."

"मग सरांना का नाही बोललास?"

"दुसऱ्याच्या तासात जाऊन कसं बोलणार? संस्थेचे काही नियम असतात, खाँसाहेब..."

"हात दे."

अष्टेकरांनी उजवा हात पुढे केला.

"डावा रे."

खाँसाहेबांनी तो आपल्या वाकड्या बोटांत धरला आणि एकेका नखाच्या मुळावरून अंगठा फिरवला. पहिलं बोट, दुसरं, तिसरं. कातडी मऊ होती, सायीसारखी. संचालकाच्या खुर्चीत बसल्यापासून एकोणीस वर्षं सह्या उजव्यानं होत होत्या. डाव्यानं काहीच केलं नव्हतं.

अष्टेकरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सरांना ते का बोलले नव्हते, हे त्यांना आजवर स्वतःशीसुद्धा कबूल करता आलं नव्हतं. बोलले असते तर सर एवढंच म्हणाले असते, "बरं साहेब, दाखवा मग वाजवून."

"खाँसाहेब, मी पुन्हा बसतो," ते एकदम म्हणाले. "रजा काढतो. सहा महिने द्या मला. समितीला सांगतो की शिक्षक मीच. शपथेवर सांगतो, सहा महिन्यांत हात आणतो परत!"

"पी हळद अन् हो गोरी."

पण खाँसाहेबांनी मानेनं भिंतीकडे खूण केली. तिथं खोळ घातलेली सारंगी टांगली होती.

सुरात लावायलाच अर्धा तास गेला. अष्टेकर पँट सावरत मांडी घालून बसले, गुडघा कडाडला. गजाला राळ लावली. खांद्याशी सारंगी टेकवली, नखाचं मूळ तारेला भिडवलं आणि गज ओढला.

षड्ज लागला. कसा लागला ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही, पण लागला! अरे, हे आपलंच होतं की!

मग रिषभ उतरा लागला. पुन्हा घेतला. गांधारावर बोट अडखळलं. पुन्हा. घाम कानामागून उतरत होता. खाँसाहेब डोळे मिटून बसले होते, थांब म्हणत नव्हते, पुढे जा म्हणत नव्हते. अष्टेकर घेत राहिले. तिसऱ्या बोटाची कातडी कधी फाटली कळलं नाही, तारेवर लाल डाग दिसला तेव्हा कळलं. त्यानंतरची प्रत्येक ओढ म्हणजे जखमेवर सुरी.

तरी थांबले नाहीत. दात खाऊन वाजवत राहिले. आणि थोड्या वेळानं दुखणं कमी झालं. सूरही जागेवर येऊ लागले. रिषभ आला, गांधार आला. त्यांना बरं वाटलं, वाटलं, जमतंय...

खाँसाहेबांनी हात पुढे करून तारांवर पालथा ठेवला.

आवाज बंद झाला.

अष्टेकरांनी खाली पाहिलं. त्यांचं बोट तारेवर होतं. टोकानं.

किती वेळ, कोण जाणे. आपण बोट फिरवल्याचं त्यांना कळलंसुद्धा नव्हतं.

खाँसाहेबांनी सारंगी त्यांच्या मांडीवरून काढून घेतली. तारेवरचं रक्त स्वतःच्या कुडत्याच्या टोकानं पुसलं. खोळ घालायला त्यांना फार वेळ लागला, पण अष्टेकरांनी मदतीला हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही.

"खाँसाहेब... वीस तारीख..."

"होऊ दे बंद."

"आणि मुलं?"

"पाचांना व्हायोलिन दे. चांगलं वाद्य आहे."

"आणि कादंबरी?"

खाँसाहेब भिंतीला टेकले. डोळे पुन्हा मिटले.

"तिला इथं पाठव."

अष्टेकरांनी मान हलवली. उठले. पायांत जोडे घालताना डाव्या हाताचं तिसरं बोट ठणकत होतं. दारात ते थांबले, काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून.

"आणि शशी..."

"जी."

"आधी मी कुणाला शिकवलं, ते तिला सांगू नकोस."