प्रश्न शेवटी घेऊ

“मग त्यांना हवं आहे तरी काय, भन्ते?” अश्वजितने विचारले.

भन्ते धम्मरक्खित विहारात आसनावर बसून ऐकत होते. अश्वजितला पाली त्यांनीच शिकवली होती, अगदी पहिल्या धड्यापासून. आता तो डॉक्टरेट मिळवून आला होता. युरोपातल्या दोन विद्यापीठांनी त्याला मुलाखतीला बोलावून नकार कळवला होता. परवा तिसरी मुलाखत होती, बेल्जियममधल्या विद्यापीठाची.

“अर्धी नोकरी संशोधनाची, अर्धी शिकवण्याची. संशोधनात मी कुणाला हार जाणार नाही. पण ते म्हणतात, वीस मिनिटं शिकवून दाखवा... दोन्ही वेळा तिथंच फिसकटलं. हीही गेली तर पाली बंद. बँकेची परीक्षा देतो.”

“बरं. मला शिकव.”

“तुम्हाला?”

“मग काय, भिंतीला शिकवणार?”

ऐंशीच्या घरातले भन्ते सावकाश उठले आणि रविवारी मुले बसतात त्या सतरंजीवर मांडी घालून बसले.

गुरू खाली आणि आपण उभे... अश्वजित संकोचला.

“कर सुरू. परवा असा लाजणार आहेस का?”

अश्वजितने एक गाथा म्हटली आणि तिचा अर्थ सांगू लागला. आवाज खणखणीत, तयारी चोख.

थोड्याच वेळात भन्तेंनी हात वर केला.

“प्रश्न शेवटी घेऊ, भन्ते.”

हात खाली आला नाही.

अश्वजित बोलत राहिला. सिंहली पाठ, ब्रह्मदेशी पाठ, जर्मन पंडितांचे मतभेद... भन्तेंचा हात अवघडला. त्यांनी दुसऱ्या हाताने कोपराला आधार दिला.

व्याख्यान अगदी वेळेत संपले.

“हं, विचारा आता.”

भन्तेंनी हात खाली घेतला.

“आता काय विचारू? मी पहिल्याच ओळीत अडकलो. पुढचं काही डोक्यात शिरलंच नाही.”

“तुम्ही अडकलात? भन्ते, ही गाथा तुम्हीच तर मला शिकवलीत!”

“हो ना. अख्खा वर्षावास गेला होता त्या एका गाथेत, पावसाळ्याचे तीन महिने.”

अश्वजितला हसू आले. “तो मीच घालवला. शब्दाशब्दाला अडवायचो तुम्हाला. बाकीची पोरं वैतागायची...”

हसता हसता त्याची नजर भन्तेंच्या खाली आलेल्या हाताकडे गेली.

मग तो सतरंजीवर, भन्तेंच्या समोर येऊन बसला.

“भन्ते,” तो हळूच म्हणाला, “तुम्ही मला एकदासुद्धा थांब म्हणाला नाहीत. एवढे मोठे पंडित तुम्ही... एका पोराच्या त्या प्रश्नांचा कंटाळा नाही आला?”

भन्ते दुखरा खांदा चोळत होते.

“कंटाळा? अरे, तोवर ती गाथा मला तरी कुठं कळली होती!”