फिरून येणारे तुकडे

माणसांनी आकाशाचीही वाटणी करून घेतली, त्या काळातली ही गोष्ट. पृथ्वीभोवती एक म्हातारा उपग्रह फिरायचा. वादळ दिसलं की तो खाली कोळ्यांना निरोप धाडायचा. त्याच्या शेजारी एक नवा लढाऊ उपग्रह आला. ताकद दाखवायला त्याने आपल्याच देशाचा एक बंद पडलेला उपग्रह फोडला.

“पाहिलंत आजोबा? एका घावात शंभर तुकडे.”

“पाहिलं बाळा. पण इथे फोडलेलं खाली पडत नाही. दीड तासाने फिरून येईल.”

“येऊ दे. मेलेल्याचे तुकडे काय करणार?”

दीड तासाने तुकडे आले. लढाऊ उपग्रह फुटला आणि त्याच्या तुकड्यांनी म्हातारा फुटला.

दूर समुद्रात वादळ उठलं होतं. वरून निरोप आला नाही, म्हणून कोळ्यांनी नेहमीसारख्या होड्या लोटल्या.