येसबानं पाहुणा घरी पोचवला

एका गावात एक भोळा येसबा होता, त्याची बायको तानूबाई होती, आणि दोघांना आपल्या घरात ठेवून घेणारी सासू होती. येसबा गावच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. दुसरं कुणी गोलात उभं राहीना, म्हणून हा. सरपंच म्हणाले होते, "संघ वरच्या गटात चढला, तर मैदानाची राखण तुझी आणि तिथलं घरही तुझं." तेव्हापासून तानूबाईनं देव पाण्यात ठेवले होते.

"वस्ताद, हे गट म्हणजे काय हो?" येसबानं संघाला खेळ शिकवणाऱ्या वस्तादांना विचारलं.

"एकाखाली एक असे तीन गट. आपण सगळ्यांत खाली. दरसाल खालच्यातला पहिला वर जातो, वरच्यातला शेवटचा खाली येतो. तिथं वशिला चालत नाही."

येसबाला हे फार पटलं. त्या दिवशी घरात सगळ्यांत शेवटी जेवण संपवलं सासूनं. गोठ्यात सगळ्यांत आधी संपवलं रेडकानं. मग रेडकू आलं माजघरात आणि सासूचं अंथरूण गेलं गोठ्यात.

"अहो, काय हे!" तानूबाईनं कपाळ बडवलं. "माणसाला मान द्यावा. दारी आलेल्याला आत घ्यावं!"

"बरं," येसबा म्हणाला.

पुढच्या सामन्यात चेंडू गोलाकडे आला. येसबा बाजूला सरला, हात जोडले. "या, या, आत या!"

वस्ताद धावत आले. "अरे शहाण्या, आलेल्याला आत सोडायचं नाही! आडवं पडायचं!"

"बरं."

संध्याकाळी सासूचा भाऊ आला. येसबा उंबऱ्यावर आडवा. मामा डावीकडनं निघाले, हा डावीकडं लोळला. उजवीकडनं निघाले, हा उजवीकडं. शेवटी मामांना कवटाळून यानं रस्त्यावर नेऊन टाकलं.

तानूबाई रडकुंडीला आली. "पाहुण्याला असं टाकतात होय? त्याच्या घरापर्यंत नीट पोचवून यावं!"

"बरं."

शेवटचा सामना आला. जिंकले तरच पहिले, अन् पहिले तरच वर. वेळ सरत आली तरी गोल एकही नाही. तेवढ्यात चेंडू आला. येसबानं धरला, अलगद खाली ठेवला आणि पायानं ढकलत निघाला.

"चला पाहुणे, घरी सोडतो. जपून हं, पुढं खड्डा आहे."

समोरचे खेळाडू पोट धरून हसायला लागले. त्यांचा गोलकीपर तर हसून हसून खालीच बसला. येसबानं चेंडू जाळ्यात नेऊन टेकवला, हात जोडले. "येतो मग."

संघ चढला. वस्ताद गावभर सांगत सुटले, "हा डाव मीच शिकवला!" येसबाला राखण मिळाली, घर मिळालं. सासू म्हणाली, "जावई माझा लाखात एक," आणि तीही तिथंच राहायला आली. पहिल्याच जेवणाला मात्र तिनं मान वर केली नाही. सगळ्यांच्या आधी ताट पुसून मोकळी झाली.

दारात रेडकू उभं राहून बघत होतं.