ठकू गवळणीचा टोणगा

डोंगराच्या पायथ्याला गवळ्यांचं एक गाव होतं. घरटी चार-पाच म्हशी, दारोदारी लोणी कढवल्याचा वास. म्हशीला पारडी झाली की गावात गूळ वाटत. नर रेडकू झालं की कुणी बोलत नसे. त्याला आईखाली न सोडता गोठ्यामागे बांधत. आठवड्याभरात ते भुकेने मरे, दावं रिकामं होई.

ठकू गवळणीच्या गोठ्यात असंच एक रेडकू जन्मलं. दुसऱ्या सकाळी ती शेण काढायला गेली, तर ते भिंतीचा ओला दगड चाटत होतं. तिने त्याला सोडून म्हशीखाली लावलं.

"अगं, त्याला काय कास फुटणार आहे?" सासू ओरडली. "शेवटी खाटकाकडेच जायचं ते!"

"जाईल, आत्याबाई. पण उपाशी नाही जाणार. तीन सड आपले, एक त्याचा."

बोलणं सोपं, निभावणं अवघड. लोण्याचा गोळा लहान झाला. ठकू रोज उन्हात डोंगर चढून गवताचा भारा आणी. रेडकाला खच्ची केलं, तेव्हा आठवडाभर ती त्याच्या जखमेला हळद लावत बसली. गाव हसलं.

तिसऱ्या वर्षी हसणारे गप्प झाले. टोणगा कसला, चालता कातळच! त्याच्या सावलीत तीन पोरं पाय पसरून बसत, आणि ठकूच्या एका हाकेला तो मान खाली घालून येई. ठकू त्याच्या पाठीवर हात ठेवून बघतच राही. एवढा जीव एका सडातून आणि गवतातून उभा राहिला?

एक दिवस दाऊद खाटीक आला. खालच्या खोऱ्यात बंधारा बांधणाऱ्या माणसांसाठी त्याला जनावर हवं होतं. टोणगा दिसताच त्याने वहाणा काढल्या.

"बाई, जन्मभर मी हाडंच विकत घेतली. जनावर आज पाहतोय."

ठकूने टोणग्याच्या गळ्यात हात टाकला. "नाही द्यायचा मला."

"तुझी मर्जी," म्हणून दाऊद वळला. तेवढ्यात गोठ्यातून बारीक हंबरणं आलं. धाकटी म्हैस व्याली होती. रेडकूच झालं होतं.

ठकूने गवताच्या गंजीकडे पाहिलं. दोघांना पुरणार नव्हतं. तिने जाणाऱ्या दाऊदला थांबवलं आणि टोणग्याला हाक मारली.

"घेऊन जा, चाचा. पण वाटेत काठीने मारू नका. आणि शेवटी हात तुमचाच असू द्या. एका घावात."

"जबान दिली," दाऊद हळूच म्हणाला.

वेशीपर्यंत ठकू टोणग्याच्या खांद्याला खांदा लावून चालली. दाऊदने शब्द पाळला. बंधाऱ्यावरची शंभर माणसं दोन दिवस पोटभर जेवली, कातड्याच्या दोन मोटा झाल्या, आणि मिळालेल्या पैशांतून ठकूच्या अंगणात पेंडीची पोती येऊन पडली. ती रडली ती रडलीच. पण धारेची वेळ झाली तशी डोळे पुसून उठली.

दारात शेजारीण उभी होती. खांद्यावर तिच्या म्हशीचं काल जन्मलेलं रेडकू, मान टाकलेलं.

"ठकू, हे जगेल का गं अजून?"

ठकूने ते दोन्ही हातांनी उतरवून घेतलं. "ये आत. आधी ऊब देऊ."

तात्पर्य इतकंच: ज्याच्या जिवावर आपलं पोट भरायचं, त्याचं पोट आधी आपण भरावं.